पाव इंच जास्त

आमच्या ग्रंथालयात पुस्तक परत करायच्या दोन तऱ्हा आहेत. भिंतीतल्या फटीतून पेटीत टाकायचं आणि निघून जायचं, नाहीतर काउंटरवर येऊन हातात द्यायचं. बहुतेक कादंबऱ्या फटीतून येतात. मार्क झेड. डॅनिएलेव्हस्कीची ‘हाउस ऑफ लीव्ह्ज’ मात्र हटकून काउंटरवर येते, कारण आणणाऱ्याला काहीतरी बोलायचं असतं. कुणी म्हणतं, असं काही आयुष्यात वाचलं नव्हतं. कुणी म्हणतं, हे छापायला पैसे कुणी दिले? दोघंही पुस्तक टेबलावर जरा आदळूनच ठेवतात. सातशेच्या वर पानांचं, मोठ्या आकाराचं धूड आहे ते.

मी न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपच्या सार्वजनिक ग्रंथालयात रेफरन्स डेस्कवर बसते. या भागात मराठी घरं बरीच. आमच्याकडे मराठीचं एक कपाट आहे, आणि त्यात देणगीतून आलेले नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी आहेत. त्यामुळे भयकथेच्या वाचकांशी माझी गाठ दोन्ही भाषांत पडते. पण या कादंबरीनं मला पहिल्यांदा छळलं ते वाचक म्हणून नव्हे, कपाट लावणारी म्हणून. हिला ठेवायचं कुठे? कण्यावर भुताचं स्टिकर लावून भयकथांत ठेवावी, तर रात्री दचकायला मिळेल म्हणून नेणारा माणूस तळटिपा बघून दोन दिवसांत परत आणतो. सर्वसाधारण कादंबऱ्यांत ‘डी’खाली ठेवावी, तर भयकथावाले शोधत फिरतात. शेवटी एक प्रत इकडे आणि एक तिकडे, अशी वाटणी झाली. भयकथांतली प्रत जास्त वेळा बाहेर जाते आणि कादंबऱ्यांतली जास्त वेळा शेवटपर्यंत वाचली जाते, असा माझा अंदाज आहे. आकडे मागू नका.

पुस्तकात आहे काय, ते थोडक्यात सांगणं ही कसरतच आहे. लॉस एंजेलिसमध्ये झॅम्पॅनो नावाचा आंधळा म्हातारा मरतो. त्याच्या घरात कागदांचा, चिठ्ठ्याचपाट्यांचा ढीग सापडतो. तो ढीग म्हणजे ‘द नेव्हिडसन रेकॉर्ड’ या माहितीपटावर लिहिलेला विद्वज्जड प्रबंध. असा माहितीपट कुणी काढलेलाच नाही. ढीग हाती लागतो जॉनी ट्रुअंट या टॅटूच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या पोराच्या. तो प्रबंधाला आपल्या टिपा जोडतो आणि त्या टिपांतून स्वतःची वाताहत सांगत सुटतो. त्यावर आणखी निनावी संपादकांच्या टिपा. तिघांचे टाइप वेगळे, त्यामुळे कोण बोलतंय ते अक्षर बघून ओळखायचं. माहितीपटात आहे विल नेव्हिडसन हा नावाजलेला वृत्तछायाचित्रकार, त्याची जोडीदार कॅरेन, दोन मुलं आणि व्हर्जिनियातलं त्यांचं नवं घर. घर मोजलं तर बाहेरच्यापेक्षा आतून पाव इंच जास्त भरतं. पुढे दिवाणखान्याच्या भिंतीत दार उगवतं, दारामागे काळोखी बोळ, बोळापुढे दालनं, तळ न लागणारा जिना, आणि कुठूनतरी येणारी गुरगुर. रंगीत आवृत्तीत ‘हाउस’ हा शब्द येईल तिथे निळ्या शाईत छापलेला.

2000 साली पँथिऑननं हे पुस्तक काढलं. लेखकाची पहिलीच कादंबरी. त्याच वर्षी त्याच्या बहिणीनं, ‘पो’ या नावानं गाणाऱ्या ॲन डॅनिएलेव्हस्कीनं, ‘हाँटेड’ हा अल्बम आणला, आणि अल्बम नि कादंबरी एकमेकांत चांगलीच गुंतलेली आहेत. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा तरुण लेखकांसाठीचा ‘यंग लायन्स’ पुरस्कारही हिला मिळाला. आमच्याच पेशानं दिलेला पुरस्कार म्हणून त्याचा उल्लेख. याच पेशातले अनेक जण हिच्या नावानं बोटं मोडतात, तेही सांगायला हवं. रंगीत आवृत्तीचं पुढचं आवरण मुद्दाम अरुंद कापलेलं आहे. आतलं पान आवरणाबाहेर डोकावतं, म्हणजे पुस्तकसुद्धा आतून जास्त भरतं. कल्पना म्हणून झकास. आमच्याकडे पुस्तकांना प्लास्टिकचं आवरण घालणाऱ्या सहकाऱ्याला मात्र ती छपाईतली चूक वाटली होती, आणि त्यानं प्रत ‘सदोष’ म्हणून बाजूला ठेवली होती. उघड्या राहिलेल्या पानांच्या कडा महिन्याभरात मळतात, ही त्याची तक्रार आजही कायम आहे.

वाचकांचे दोन तट पडतात, हे कुठल्याही पुस्तकाबाबत सांगता येईल. इथे ते कशावरून पडतात, हे ऐकण्यासारखं आहे.

एक निवृत्त होम इन्स्पेक्टर आमच्याकडे नेमानं येतात. खरेदीआधी घरं तपासून देण्यात त्यांची हयात गेली. युद्धकथा आणि चरित्रं सोडून सहसा काही नेत नाहीत, ही कादंबरी नातवानं गळ्यात मारली म्हणून नेली. परत देताना म्हणाले, ‘‘पाव इंच हा फरकच नव्हे. फीत सैल पडते, लाकूड फुगतं, पाव इंचाची आम्ही नोंदही घेत नाही.’’ जरा थांबून म्हणाले, ‘‘पण आतलं माप कमी भरलं तर. भिंतीची जाडी आहे, गिलावा आहे, कमी भरणारच. आतलं माप जास्त म्हणजे भिंतीला जाडीच नाही. उणे जाडीची भिंत! त्या पानानंतर दिवा मालवायला नको वाटलं.’’ नेव्हिडसन चांगली उपकरणं आणून, जाणकार माणसं बोलावून पुन्हा पुन्हा मोजतो, ते त्यांना फार पटलं होतं, आपणही तेच केलं असतं म्हणाले. आणि मग दार उगवलं, बोळ आला, कंदील-दोर घेऊन माणसं आत शिरली, तिथे त्यांनी पुस्तक मिटलं. ‘‘पाव इंचावर थांबायला हवं होतं त्यानं. मोठा काळोख काय, कुणीही रंगवतो.’’

या पुस्तकावर मी ऐकलेला हा सगळ्यात नेमका अभिप्राय. तो पुस्तक अर्धवट टाकणाऱ्या माणसाचा आहे.

दुसऱ्या बाजूला वृद्धाश्रमात रात्रपाळी करणाऱ्या एक बाई. पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात जॉनीच्या आईची, पेलाफिनाची, मनोरुग्णालयातून मुलाला लिहिलेली पत्रं आहेत. ती त्याच वर्षी वाढवून वेगळीही छापली गेली. एका पत्रात ती मुलाला सांगते, पुढचं पत्र प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घेऊन वाच. पुढचं पत्र वरवर नुसती असंबद्ध बडबड आहे. अक्षरं जुळवली की खालून तिची तक्रार वर येते, तिथल्या लोकांनी तिच्यावर केलेल्या अत्याचाराची. ती तक्रार खरी की आजारातली, हे पुस्तक सांगत नाही. या बाईंनी ते पत्र पहाटे कामावर बसून, एकेक अक्षर मांडत सोडवलं. मला म्हणाल्या, ‘‘आमच्याकडेही पेशंट असं काही बोलतात. आम्ही नोंदवहीत ‘गोंधळलेली अवस्था’ असं लिहून मोकळे होतो.’’ बाकीच्या कादंबरीविषयी विचारलं तर त्यांनी हात उडवला. घराचा भाग त्यांनी चाळला होता, आणि जॉनीच्या बायका आणि बार वाचून त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली होती. तरी पुस्तक त्यांनी विकत घेतलं. ग्रंथालयाचं परत करायचं आणि मग विकत घ्यायचं, यापेक्षा मोठी पावती आम्हांला माहीत नाही.

कॉलेजातली पोरं या कादंबरीवर तुटून पडतात. त्यांना सूचीतली नोंद, कोपऱ्यातलं चिन्ह, खोडलेल्या लाल मजकुराचा अर्थ, सगळं उकलायचं असतं. त्यांचा उत्साह मला आवडतो, पण त्यांतल्या काहींची एक सवय खटकते. पुस्तक न आवडलेल्या माणसाला ते आळशी ठरवतात. निवृत्त झालेल्या एका इंग्रजीच्या शिक्षिका आहेत, आळस कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नसावं. त्या म्हणतात, ‘‘कंटाळवाण्या प्रबंधाची नक्कल पन्नास पानं केली की तीही कंटाळवाणीच होते. नक्कल आहे म्हणून माझा वेळ परत मिळत नाही.’’ याला पोरांकडे उत्तर नसतं, माझ्याकडेही नाही. चक्रव्यूहाच्या प्रकरणात पानंच्या पानं वास्तूंची आणि वास्तुरचनाकारांची नावं येतात. छायाचित्रकारांच्या एका लांबलचक यादीबद्दल तर पुस्तकच टिपेत सांगून टाकतं की नावं वाटेल तशी गोळा केली होती. ती टीप वाचून कुणी हसतं, कुणी पुस्तक भिरकावतं. मी हसले होते, पण यादी मी आधीच गाळली होती.

याच टिपांपायी माझ्या टेबलावर वेगळंच काम येतं. पुस्तकात शेकडो हवाले आहेत, लेखकाचं नाव, प्रकाशक, साल, पान, सगळं रीतसर. हायडेगर आणि देरिदा खरे, पण नेव्हिडसनच्या चित्रपटावर ज्यांनी ग्रंथ लिहिले ते सगळे बनावट. खऱ्याखोट्याची अशी बेमालूम सरमिसळ की रोज हवाले तपासणाऱ्यालाही क्षणभर फसायला होतं. कॅरेन नामवंतांना नेव्हिडसनची फीत दाखवून मतं विचारते, त्यात स्टीफन किंग, अ‍ॅन राइस, स्टॅनली कुब्रिक अशी खरी नावं आहेत आणि त्यांच्या तोंडचं बोलणं लेखकानं रचलेलं. वाचक याद्या घेऊन येतात आणि म्हणतात, ही पुस्तकं दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून द्या. मी कॅटलॉगात शोधते, सापडतील त्यांवर खूण करते आणि उरलेल्यांची यादी परत देते. एकदा एकाच आठवड्यात दोघं जण आले. पहिल्याला कागद दिला तर त्याचा चेहरा फुलला, ‘‘नाहीच ना? वाटलंच मला!’’ म्हणाला. दुसरा गृहस्थ चिडला. ग्रंथालयानं असं फसवं पुस्तक ठेवावंच का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, कादंबरी आहे. तो म्हणाला, कादंबरी असेल तर तिनं कादंबरीसारखं वागावं. तेच कॅटलॉग आणि तेच उत्तर, पण एकाला बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं आणि एकाला खिसा कापल्यासारखं.

आता आजोबांची गोष्ट सांगते. मुलाकडे राहायला आलेले साताऱ्याचे एक आजोबा मराठी कपाटाशी रोज येऊन बसत. टेबलावर ही कादंबरी उघडी पडलेली दिसली. मधल्या चौकटीत मजकूर, कडेला उभा मजकूर, खाली टीप, टिपेला टीप. आजोबांना काही विशेष वाटलं नाही. ज्ञानेश्वरीच्या सार्थ प्रती हाताळलेला माणूस, ओवी, अर्थ, टीप, पाठभेद यांत त्यांचा जन्म गेलेला. चष्मा सावरून त्यांनी विचारलं, ‘‘यातलं मूळ कुठलं गं?’’ मी सांगितलं, ‘‘मूळ नाहीच, आजोबा. नसलेल्या चित्रपटावरची टीका आहे.’’ त्यांनी दोन पानं आणखी उलटली. ‘‘मग हे इतके जण भांडतायत कशावर?’’ म्हणाले आणि आपल्या पुस्तकाकडे वळले. समीक्षकांनी पुष्कळ पानं खर्ची घातली त्या प्रश्नाला आजोबा उभ्याउभ्या पोचले होते. मधलं काही नसताना भोवतालचं सगळं उभं राहतं, ही या घराची आणि या पुस्तकाची एकच रचना आहे. कुणाला त्यात भीती वाटते, कुणाला लबाडी.

ऑक्टोबरात हॅलोविनच्या निमित्तानं आमच्या वाचकगटानं ही कादंबरी घेतली, तेव्हा मी एक केलं. आवडली की नाही, हे विचारलंच नाही. प्रत्येकानं दोन पानांचे क्रमांक आणायचे, कुठे थांबावंसं वाटलं आणि कुठे वाचनाचा वेग बदलला. फळ्यावर क्रमांक लिहीत गेले आणि गंमत दिसायला लागली. चाहत्यांनी आणि वैतागलेल्यांनी जवळपास तीच पानं आणली होती. चक्रव्यूहाचं नववं प्रकरण दोघांच्याही यादीत. तिथे मजकूर आडवा, उलटा, आरशातला होतो, निळ्या चौकटीतून पान पलटल्यावर मागून दिसतो, आणि टीप शोधत मागेपुढे जाताना आपण कुठे होतो तेच विसरायला होतं. एकीनं सांगितलं, ‘‘मी खरंच हरवले, मजा आली.’’ शेजारचीनं सांगितलं, ‘‘मीही हरवले, म्हणून सोडलं.’’ अनुभव दोघींचा एकच होता. हरवण्यासाठी आपण पुस्तक उघडतो का, एवढाच मतभेद. त्यानंतर कुणी कुणाला आळशी किंवा दिखाऊ म्हटलं नाही, निदान त्या संध्याकाळी.

त्याच बैठकीत एक आक्षेप असा आला की सगळेच गप्प झाले. संधिवात असलेल्या एका वृद्ध बाईंनी मनगट पुढे केलं. एवढं जड पुस्तक गोल फिरवत वाचणं त्यांना जमत नव्हतं. आमच्याकडे दृष्टी अधू असलेले वाचकही येतात, बोलती पुस्तकं नेतात. या पुस्तकाचा निम्मा अर्थ पानावरच्या जागेत आहे, तो कानाला कसा द्यायचा? झॅम्पॅनो आंधळा, प्रबंध आंधळ्याचा, आणि ज्या एका ठिकाणी ब्रेल लिपी येते तिथे ठिपके कागदावर सपाट छापलेले. बोटाला काही लागत नाही. हा लेखकाचा क्रूर विनोद आहे की विसर, यावर आमचं एकमत झालं नाही. मला तो विनोद वाटतो, आणि तरीही आवडत नाही.

प्रतीच्या समासांतही एक भांडण चालू असतं. ग्रंथालयाचा नियम साधा आहे, पेन्सिल खोडायची, पेन दिसलं तर नुकसान नोंदवायचं. इतर पुस्तकांत मी डोळे मिटून खोडरबर चालवते. इथे मात्र झॅम्पॅनोखाली जॉनी, जॉनीखाली संपादक, आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरात आमचा कुणी सभासद. एका पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, जॉनी खोटं बोलतोय. त्याखाली दुसऱ्या हातानं विचारलं होतं, तुला कसं कळलं? त्याखाली पहिल्याच हातानं एक पान-क्रमांक दिला होता, म्हणजे तो पुन्हा पुस्तक घेऊन गेला होता. मी तो क्रमांक काढून पाहिला. मुद्दा बरोबर होता. मग खोडलं.

मराठी वाचकांत हे पुस्तक फारसं जात नाही. नेलं ते आयटीतल्या एका तरुणानं, मराठी कपाटातले धारप संपले म्हणून. परत देताना म्हणाला, ‘‘ताई, हेच धारपांनी दीडशे पानांत केलं असतं. वर झोप उडाली असती ती वेगळी.’’ मला हसू आलं, कारण त्यात तथ्य होतं. धारपांच्या कथेत एक करार असतो, पलीकडे काहीतरी वाईट आहे, त्याला नियम आहेत, आणि बऱ्याचदा ते नियम जाणणारा एखादा ‘समर्थ’ही आहे. डॅनिएलेव्हस्कीकडे नियमच मोजपट्टीगणिक बदलतात आणि जाणकार सगळे टिपांत अडकलेले. मी त्याला विचारलं, ‘कोसला’ आवडली होती का? म्हणाला, दोनदा वाचली. तिथेही कादंबरी म्हणजे काय याची घडी नेमाड्यांनी 1963 साली विस्कटली होतीच, आणि घराघरांत तिच्यावरून वाद झाले. ‘‘पण ती हसवते हो,’’ तो म्हणाला. हाही मुद्दा खरा. ‘हाउस ऑफ लीव्ह्ज’मध्ये मनापासून हसवणारा एकच माणूस आहे, नेव्हिडसनचा जुळा भाऊ टॉम. काळोखात एकटा तंबूत बसून तो फालतू विनोद सांगतो आणि हातांच्या सावल्यांचे प्राणी करतो. ती पानं मी कधीही वाचू शकते.

माझं मत विचाराल तर मला ही कादंबरी निम्मी आवडते. घराचा भाग, टॉम, आईची पत्रं, आणि शेवटाकडची ती पानं, जिथे ओळीत एकदोन शब्द उरतात, हात भराभर पानं उलटतो आणि नेव्हिडसन उजेडासाठी हातातल्या पुस्तकाचं पान पान जाळत वाचतो. त्या पुस्तकाचं नावही ‘हाउस ऑफ लीव्ह्ज’च. इथे मांडणी आणि गोष्ट एकजीव आहेत. जॉनीचे बारमधले पराक्रम आणि बऱ्याच याद्या मात्र लेखकाला कात्री चालवणारा संपादक भेटला नाही याचा पुरावा आहेत. ‘याद्या हा चक्रव्यूहाचाच भाग आहे’ हा बचाव मी पुष्कळदा ऐकला आहे. तो खरा असेलही, पण कुठलाही कंटाळा त्यानं माफ होतो, म्हणून मला तो पुरेसा वाटत नाही.

वाचायची असेल तर कागदावरची रंगीत आवृत्तीच मिळवा, फोनवर हिच्यात राम नाही. मांडीवर न घेता टेबलावर ठेवून वाचा. पहिल्या खेपेला घराची गोष्ट धरून चला, जॉनी रेंगाळला तर त्याला मागे सोडा. आईची पत्रं वाचायला जा असं संपादकांची टीप सुचवते, तिथे मात्र खरंच जा, शेवटची वाट पाहू नका. घरात नेमकं काय होतं हे पुस्तक शेवटपर्यंत सांगत नाही. ज्यांना ते कळल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी ही कादंबरी घेऊ नये, धारप घ्यावेत. त्यात कमीपणा काही नाही.